दिवाणखान्यातली वजाबाकी

१९६२ साली बीबीसीने लंडनच्या ईलिंग भागातले एक मोडकळीला आलेले जुने घर विकत घेतले आणि बॅरी बकनेल यांच्या हाती सोपवले. बकनेल ते आठवड्याआठवड्याने दुरुस्त करत गेले आणि प्रेक्षक घरबसल्या पाहत राहिले. कारागिरांची मजुरी परवडत नाही अशा ब्रिटिश मध्यमवर्गाला ‘हे आपल्यालाही जमेल’ असा धीर देणाऱ्यांत बकनेल यांचे नाव पहिल्या रांगेत येते. त्यांची लाडकी वस्तू म्हणजे हार्डबोर्ड. नक्षीच्या चौकटींचे जुने दार असेल तर त्यावर हार्डबोर्ड ठोकायचा, की दार सपाट. जिन्याच्या कठड्याचे गज त्याच्याआड गेले की धूळ पुसायची कटकट संपली. शेकोटीचे तोंडही त्यानेच बंद. आज अशा घरांचे नवे मालक शनिवार-रविवारी तो हार्डबोर्ड उचकटत बसलेले असतात, आणि खिळ्यांची भोके सोडली तर खालचे दार बहुधा जसेच्या तसे निघते.

इंग्लंडमधल्या जुन्या घराची बैठक स्वतःच्या हातांनी नीट करायची असेल तर आणायच्या वस्तूंची यादी नंतर करावी. आधी काढायच्या वस्तूंची करावी. हार्डबोर्ड बिचारा निरुपद्रवी होता. गेल्या शंभर वर्षांत भिंतीवर, फरशीखाली आणि धुराड्यात जे बाकीचे थर चढले, त्यांतले काही घराला आतून कुजवतात. कोणते काढायचे, कोणते राखायचे आणि कोणत्या क्रमाने, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

हवेची वाट

इंग्लंडमधली सुमारे एक पंचमांश घरे १९१९ पूर्वीची आहेत. त्यांतला सर्वांत ओळखीचा नमुना म्हणजे व्हिक्टोरियन टेरेस्ड घर. भिंतीला भिंत लावून उभी केलेली लांबच लांब रांग, प्रत्येक घराला पुढे एक खोली, मागे एक खोली आणि त्यामागे स्वयंपाकघर. पुढची खोली पाहुण्यांसाठी, मागची रोजच्या वावराची. बाहेरची भिंत नऊ इंच जाडीची, भरीव विटांची. विटांच्या दर्जा चुन्याने भरलेल्या, आतला गिलावाही चुन्याचा. जमीन लाकडी वाशांवर ठोकलेल्या फळ्यांची, आणि त्या फळ्यांखाली हात-दीड हात रिकामी जागा. प्रत्येक खोलीत कोळशाची शेकोटी, आणि वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या.

या घरात ओल येतच असे, पण ती राहत नसे. जळती शेकोटी खोलीतली हवा धुराड्यातून सतत वर ओढून घेई, खिडकीच्या फटींतून आणि फळ्यांच्या सांध्यांतून नवी हवा आत येई. पावसात भिजलेली वीट कोरड्या वाऱ्यात वाळे, कारण चुना पाण्याच्या वाफेला वाट देतो. मातीच्या माठाला बाहेरून तैलरंग फासला तर त्याचे पाझरणे थांबेल. जुन्या भिंतीचे तेच झाले. विसाव्या शतकात तिच्या दर्जांत सिमेंट भरले गेले, आत जिप्समचा गिलावा आला, त्यावर व्हिनाइलचा रंग. बारीकशा भेगेतून शिरलेले पाणी मग आतच अडकले.

धुराड्याचाही शेवट ठरलेलाच होता. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकट धुके साचून राहिले आणि त्यात हजारो माणसे दगावली. त्यानंतर १९५६ चा क्लीन एअर ॲक्ट आला. कोळशाची शेकोटी मागे पडली, गॅसचे सेंट्रल हीटिंग आले, शेकोट्या बुजवल्या गेल्या आणि खिडक्यांच्या जागी घट्ट बसणारी प्लॅस्टिकची तावदाने लागली. घरातली माणसे मात्र पूर्वीसारखीच श्वास घेतात, भात शिजवतात, हिवाळ्यात कपडे रेडिएटरवर वाळत घालतात. ती सगळी वाफ आता घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात जाऊन बसते, आणि तिथे काळी बुरशी धरते.

आधी बाहेरून फेरी

मुंबई-पुण्याच्या सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींत वाढलेल्या माणसाला भिंतीवर ओल दिसली की पहिले सुचते ते वॉटरप्रूफिंग. इथे तोच विचार घातक ठरतो. भिंत बंद करण्याआधी पाणी कुठून येते ते शोधायचे, आणि त्यासाठी पाऊस पडत असताना घराबाहेर उभे राहायचे. छपराची पन्हळ तुंबली आहे का? खाली येणारा पाइप सांध्यात फुटला आहे का? खिडकीच्या उंबऱ्याखालची पाणी तोडणारी खाच रंगाने बुजली आहे का?

मग जमिनीकडे पाहायचे. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतरच्या काळात जोत्यात ओल अडवणारा थर घालण्याची पद्धत रुजली. तो स्लेटच्या पातळ दगडाचा असे किंवा डांबराचा. बाहेरची जमीन या थराच्या किमान १५० मिलीमीटर खाली असायला हवी. पण अंगणात एकावर एक फरशा बसत जातात, मातीचे वाफे भिंतीला टेकतात आणि एक दिवस जमीनच थराच्या वर येते. अशा वेळी भिंतीला भोके पाडून रसायन भरण्यापेक्षा फावडे घेऊन एक चर खणणे स्वस्तही पडते आणि उपयोगीही.

ओल मोजणाऱ्या हातातल्या यंत्रावर फार विसंबू नये. दोन टाचण्यांचे हे यंत्र मुळात लाकडासाठी बनवलेले आहे. विटेत आणि गिलाव्यात क्षार असतील, म्हणजे भिंतीला लोणा लागलेला असेल, तर कोरड्या जागीही त्याचा काटा वर चढतो. पाण्याची वाट बंद झाल्यावर भिंतीला वेळ द्यावा. जाडीच्या दर इंचाला एक महिना असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे नऊ इंची भिंतीला एक अख्खा उन्हाळा आणि वर काही महिने. घाईने रंगवलेली भिंत पुढच्या हिवाळ्यात पोपडे टाकते.

घातक थर

आत शिरल्यावर हात सगळ्यांत जास्त शिवशिवतात ते छताकडे आणि रंगाकडे, आणि नेमके तिथेच थांबायचे असते. १९६० ते ८० च्या दशकांत छताला वळणावळणांचे खरबरीत लेपन देण्याची फॅशन होती. ‘आर्टेक्स’ हे त्यातले गाजलेले नाव. अशा लेपनांत पांढरा ॲस्बेस्टॉस मिसळलेला असू शकतो. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये, म्हणून त्याआधीच्या कोणत्याही लेपनावर संशय घ्यावा. जमिनीवरच्या जुन्या व्हिनाइल टाइल्स आणि त्यांखालचा काळा डांबरी चिकटा यांनाही हाच नियम. घासण्याआधी, भोक पाडण्याआधी, उचकटण्याआधी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. लेपन धड असेल तर त्याला न छेडता झाकून टाकणे हा शहाणपणाचा मार्ग असतो. काढायचेच असेल तर ते काम त्यातल्या प्रशिक्षित माणसांचे.

दुसरा थर शिशाचा. दारे, खिडक्या आणि भिंतीच्या पायथ्याची पट्टी यांच्यावरच्या जुन्या रंगांत शिसे असे. ब्रिटनमध्ये असा रंग सर्वसाधारण विक्रीतून गेला १९९२ मध्ये. कोरड्या सँडपेपरने तो घासला की शिशाची धूळ घरभर होते, आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून ती थेट तोंडात जाते. ओल्या सँडपेपरने घासावे किंवा रंग मऊ करणारे रसायन लावून खरवडावे. हीट गन वापरायची तर तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या बरेच खाली ठेवावे, कारण त्यापुढे शिशाची वाफ होऊ लागते. त्याहून सोपा उपाय म्हणजे धड असलेला रंग तसाच ठेवून त्यावर नवा हात मारणे.

वॉलपेपर काढताना सात-आठ थर निघाले तर आश्चर्य नको. वाफेच्या यंत्राने ते सुटतात. व्हिक्टोरियन काळातल्या काही गडद हिरव्या कागदांत आर्सेनिक असे, तेव्हा सर्वांत खालचा थर दिसू लागला की मास्क आणि हातमोजे हवेतच. भिंतीच्या खालच्या भागात जाड, उठावाची नक्षी लागली तर पाते थांबवावे. ते ‘लिन्क्रस्टा’ असू शकते. फ्रेडरिक वॉल्टनने १८७७ मध्ये जवसाच्या तेलापासून केलेले हे आवरण. लिनोलियमही त्याचेच. सव्वाशे-दीडशे वर्षे टिकलेली वस्तू खरवडून कचऱ्यात टाकण्यात काही मिळकत नाही.

फळ्यांखाली

गालिचा गुंडाळला, चिकट फोम निघाला की खाली पाइन लाकडाच्या फळ्या दिसतात. बऱ्याच खोल्यांत भिंतीलगत हातभर पट्टा काळपट रंगवलेला असतो आणि मधला चौक कोरा. तेव्हा मधे गालिचा अंथरत, म्हणून रंग फक्त कडेलाच देत. फळ्या तासायच्या आधी त्यांतली एक हलकेच उचलावी आणि टॉर्च घेऊन खाली पाहावे. या घराचे आरोग्य तिथेच कळते.

बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत मातीच्या किंवा बिडाच्या जाळीदार विटा असतात. त्यांतून फळ्यांखाली वारा खेळतो आणि वासे कोरडे राहतात. कधी त्या जाळ्या थंडी लागते म्हणून कुणी बुजवलेल्या असतात, कधी अंगणाच्या फरशीखाली गेलेल्या असतात. आणखी एक नेहमीचे दुखणे आहे. मागच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात कुणीतरी काँक्रीटची जमीन ओततो आणि पुढून मागे जाणारा वारा तिथेच तुंबतो. मागे केलेल्या सुधारणेची किंमत मग पुढच्या खोलीतले वासे मोजतात.

लाकडातले पाणी वीस टक्क्यांवर गेले की सर्पुला लॅक्रिमान्स नावाची बुरशी त्यात घर करू शकते. इंग्रज तिला ‘ड्राय रॉट’ म्हणतात. ही बुरशी हिमालयातल्या जंगलांत रानटी अवस्थेत सापडली आहे. युरोपात मात्र तिचा मुक्काम घरांत. ती विटांमधून धागे पसरत दूरच्या लाकडापर्यंत पोचते, म्हणून वाशांची भिंतीत गेलेली टोके स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावीत. टोक मऊ लागले तर कुजका भाग कापून नवे लाकूड जोडायचे. सगळ्या उपायांचे मूळ मात्र एकच: जाळ्या उघडायच्या आणि पाणी बंद करायचे. लाकूड कोरडे झाले की बुरशीची वाढ थांबते.

थंडीचे काय? वाशांच्या मधे लाकडाच्या धाग्यांचे किंवा लोकरीचे अस्तर जाळीवर टांगावे. वारा त्याच्या खालून वाहील, पण पायांना लागणार नाही. जाळ्यांचे तोंड अस्तराने झाकले जाऊ नये, एवढे पाळायचे. मग फळ्या. आधी प्रत्येक खिळ्याचे डोके लाकडाच्या आत ठोकून बसवायचे, नाहीतर भाड्याने आणलेल्या सँडरचा पट्टा पहिल्या फेरीतच फाटतो. मग २४ किंवा ४० नंबरचा जाड कागद, नंतर ६०, शेवटी १००. वर तेल किंवा मेण. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवून, सपाट पसरून वाळवावेत.

भिंत आणि छत

जुन्या छताचा गिलावा बारीक लाकडी पट्ट्यांवर असतो. ओल्या चुन्यात जनावरांचे केस कालवून तो पट्ट्यांवर दाबत. त्यांच्या फटींतून वर गेलेला चुना आकड्यासारखा अडके, आणि त्या आकड्यांच्या जिवावर छत टिकून राही. वरच्या मजल्यावरच्या धपधपीने ते आकडे तुटले की छत पोट सोडते. तळहाताने हळूच दाबून पाहावे. थोडे हलत असेल तर रुंद चकत्यांच्या स्क्रूंनी ते वाशांना बांधता येते. मधोमध फुलांची नक्षी असेल तर तिच्यावर साठलेले डिस्टेंपरचे थर पाण्याने आणि मऊ ब्रशने निघतात, कारण ते खडू आणि सरसाचे असतात. ते न काढता वर इमल्शन मारले तर सगळे मिळून पापुद्र्यासारखे गळते.

भिंतीचा गिलावा सुटला असेल तर सुटलेला तेवढाच काढावा आणि त्या जागी चुन्याचाच भरावा. पुण्यातल्या जुन्या वाड्यांसाठी बैल जुंपून घाणीत चुना मळत. इंग्लंडमध्ये तो तयार बादलीत मिळतो. वाळूशी प्रमाण साधारण एकास तीन. भिंत आधी पाण्याने भिजवायची, मग तीन हात: पहिला केस घातलेला आणि ओरखडे पाडलेला, दुसरा सपाटीचा, तिसरा पातळ, गुळगुळीत. प्रत्येकामध्ये दिवसांचे अंतर. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, म्हणून त्याला घाई चालत नाही. तापमान पाच अंशांखाली असेल तर काम हाती घेऊ नये. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण चुना डोळा भाजतो. जिप्समचा गिलावा तास-दोन तासांत बसतो आणि चुन्याला आठवडे लागतात. पण सवड असलेल्या नवशिक्याला चुना जास्त मायेने वागवतो, कारण चुकलेला हात पुन्हा भिजवून सारखा करता येतो. वर सफेदी किंवा सिलिकेटचा रंग द्यावा म्हणजे भिंतीचे दार उघडे राहते.

मधली भिंत आणि कागदपत्रे

पुढची आणि मागची खोली एक करून लांब बैठक करायची हौस साठ-सत्तरच्या दशकांपासून चालत आली आहे. मधल्या भिंतीवर बहुधा वरच्या मजल्याचे वासे आणि कधी वरची भिंतही टेकलेली असते. म्हणून पहार उचलण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून हिशेब, मग पोलादी तुळई आणि पालिकेच्या बिल्डिंग कंट्रोलची तपासणी, असा क्रम. शेकोटीची पुढे आलेली भिंत काढायची तर ती बहुधा शेजाऱ्याशी सामाईक असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या पार्टी वॉल कायद्यानुसार शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. खोलीत शेकोटी बुजवून वर धुराडे काढताना अर्धवट काम कधी करू नये. खाली छोटी जाळी आणि वर पाऊस अडवणारे, हवा सोडणारे टोपण, दोन्ही हवीत. नाहीतर आत साठलेली काजळी दमट होते आणि भिंतीवर तपकिरी डाग उमटतात.

घर वारसा यादीतले असेल तर आतला जिनासुद्धा परवानगीशिवाय बदलणे हा फौजदारी गुन्हा ठरतो. यादीत नसले तरी घराच्या वापराचे नियम सुटत नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनमधल्या ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. राहत्या घराचे संग्रहालय करण्याची परवानगी कॅम्डेन पालिकेने नाकारली. अपील झाले, सार्वजनिक चौकशी झाली आणि परवानगी २०२० मध्ये मिळाली. एका राज्याच्या शासनाला जिथे रांगेत उभे राहावे लागले, तिथे आपण अर्ज भरायला आळस करू नये.

गॅसचे कोणतेही काम नोंदणीकृत ‘गॅस सेफ’ माणसाचेच. विजेचेही तसेच समजावे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून घरातल्या नव्या वायरिंगसारख्या कामांना ‘पार्ट पी’चे नियम लागू आहेत. रबरी आवरणाची जुनी वायर बोट लावताच भुगा होते, म्हणून फळ्या उघड्या आणि गिलावा काढलेला असतानाच विजेचा माणूस बोलवावा. गिलावा झाल्यावर बोलवला तर सगळे पुन्हा फोडावे लागते.

वजाबाकीची मर्यादा

काढत सुटण्याचेही व्यसन लागते. चुन्याचा गिलावा सोलून लाल विटा उघड्या टाकायच्या, दारांचा रंग कॉस्टिकच्या हौदात उतरवून पाइनचे लाकूड मिरवायचे, ही आवड नवी आहे. आतल्या विटा कधी दाखवायच्या म्हणून रचलेल्याच नव्हत्या. त्या कमअस्सल, वेड्यावाकड्या असतात आणि गिलावा गेला की खोली थंड पडते. पाइनची दारे व्हिक्टोरियन लोक रंगवूनच वापरत, आणि कॉस्टिकमध्ये बुडवलेल्या दारांचे सरसाचे सांधे खिळखिळे होतात. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था काढली, तिला लोक ‘अँटी-स्क्रेप’ म्हणू लागले ते याच खरवडण्याच्या विरोधामुळे. तिचा आग्रह आजही नित्याच्या निगराणीवर आणि मोजक्या दुरुस्तीवर आहे.

सरकत्या खिडकीचे उदाहरण घ्या. दोरी तुटलेली, वजन पेटीत पडलेले, काचेभोवतीची पुट्टी कोरडी. एवढ्याने तिला कुणी भंगारात काढतो. सुटीच्या दोन दिवसांत नवी दोरी, नवी पुट्टी, कडेला ब्रशाची पट्टी आणि आतून दुसरी सुटी काच लावली तर तीच खिडकी आवाज आणि थंडी दोन्ही अडवते, आणि हवी तेव्हा उघडतेही. तिच्या लाकडाला वाढीची जी घट्ट वर्तुळे आहेत, ती आजच्या लागवडीच्या पाइनमध्ये क्वचितच दिसतात.

तेव्हा निवाड्याची कसोटी सोपी ठेवावी. जो थर पाणी कोंडतो, वारा अडवतो किंवा विष सोडतो तो काढावा, निदान सुरक्षित करावा. जो नुसता जुना आहे, तो वापरता येईल तितका वापरावा. भिंत बंद करण्यापूर्वी वायर आणि पाइप कुठून गेले त्यांचे फोटो, शेजारी मोजपट्टी धरून, काढून ठेवावेत आणि घराच्या कागदपत्रांत जोडावेत. आपण आज हौसेने बसवलेल्या कितीतरी गोष्टी तीस-चाळीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला काढाव्या लागणार आहेत. त्या स्क्रूने बसवलेल्या असाव्यात, सिमेंटने चिकटवलेल्या नसाव्यात.